पिवळी पट्टी

रिकाम्या मैदानावर प्रशिक्षक सुतार एकटाच पळत होता. हात हलवत, मधेच वळत, हवेला "चल, वर" म्हणत. कुंपणापाशी कुणीतरी खुदकन हसलं.

"डॉक्टरांना फोन करू का? मी नर्स आहे," ती म्हणाली. तिच्या हातातल्या दोरीला एक बुटकं, तांबूस कुत्रं होतं. नाव बटाटा.

कान लाल झालेले असतानाच त्याने समजावलं, की हा खेळ आहे. कुत्र्याने अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, बोगद्यातून जायचं, खांबांमधून नागमोडी धावायचं. मालकाने नुसतं बरोबर पळायचं, हात लावायचा नाही. म्हणून वाट आधी एकट्याने पाठ करायची. तो बोलत होता, ती बघत होती... तोवर बटाट्याने दोरी सोडवून पहिला अडथळा ओलांडलाही होता.

दुसऱ्या दिवसापासून ती येऊ लागली. ड्यूटी संपवून, पाय दुखत असले तरी. रस्त्यावरचं कुत्रं काय शिकणार, असं थोरली बहीण म्हणाली होती, आणि या खेळाच्या संघात जागा मिळवायचीच असा हिने चंग बांधला होता. घोडं अडायचं ते सीसॉच्या वरखाली होणाऱ्या फळीवर. फळी खाली टेकली की टोकाच्या पिवळ्या पट्टीवर पंजा पडलाच पाहिजे, आणि बटाटा आधीच उडी टाकायचा. सुतार फळीशी गुडघे टेकून बसायचा, ती शेजारी. दोघांचं लक्ष पंज्यावर कमी आणि एकमेकांकडेच जास्त असायचं. तीन महिन्यांत तो पार बुडाला, पण बोलायला जीभ रेटेना.

निवड चाचणीला परीक्षक तोच होता. हिचं काम झालंच समजा, असं लोक कुजबुजत होते.

बटाटा सुसाट सुटला. सगळं बिनचूक... फक्त शेवटी, सीसॉवर, पट्टीच्या बोटभर अलीकडूनच त्याने उडी घेतली. कुंपणापलीकडच्या कुणाला ते दिसलं नाही. सुताराला दिसलं. एक चूक म्हणजे जागा गेली — आणि कदाचित तीही. चूक झाल्याची खूण म्हणून त्याने हात वर केला.

ती सरळ त्याच्यापाशी आली. डोळे भरलेले, हनुवटी ताठ.

"मलाही दिसलं होतं. तुम्ही हात वर केला नसता, तर मी तुमच्याशी पुन्हा बोलले नसते... पुढची चाचणी कधी?"

"चार महिन्यांनी."

"जागा मी घेणारच. पण तेव्हा परीक्षक दुसरा बघा."

त्याचा चेहरा पडला. "माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे की," ती म्हणाली. "पण नवऱ्याने बायकोची परीक्षा घेतलेली लोकांना चालायची नाही."