पाटलांच्या दारापुढची पाच माणसं

वाटल्यास हसा. पण भातकुलीकडच्या त्या गावात धर्मपाल मास्तरांचं नाव काढून बघा. समोरचा आधी दाराकडे बघतो.

तारीख सांगतो. १८ मे १९६६. भर दुपार.

सात वर्षांआधी नाल्याला पूर आला, तेव्हा खालच्या वस्तीतली पाच माणसं उंचावरच्या खुशालराव पाटलांच्या घराकडे पळाली. वस्तीतल्याच बुधाजीनं झाडावर चढून ते पाहिलं. दार उघडलं नाही. पाचही वाहून गेली. त्यात मास्तरांची माय होती, सुंदराबाई. मास्तर तेव्हा अमरावतीला चित्रकला शिकत होते.

पाटील म्हणायचे, "माह्या दारावर कोनी आलंच नाही."

हे खोटं असल्याचं मास्तरांना पाटलांच्याच तोंडून कबूल करून घ्यायचं होतं. दुसरं काही नको होतं.

म्हणून १९६५च्या उन्हाळ्यात त्यांनी नाल्याच्याच गाळातून तीच पाच माणसं घडवून पाटलांच्या दारापुढं उभी केली. माणसाएवढी उंच. हात वर. तोंड पाटलांच्या दाराकडे.

"पान्यात विरघळतीन ना रे मास्तर," पाटील हसले.

"विरघळू द्या. दरसाल नवी करीन."

पण त्या साली पाऊसच रुसला. पुतळे वर्षभर उभेच. उन्हानं तडकले, अंगावर पांढरा खार फुटला.

आणि १८ मेच्या सकाळी... मायचा पुतळा जागेवर नव्हता.

तिथली माती ओली होती. गावच्या विहिरी आटलेल्या, आणि ही माती ओली!

मास्तर भुतंखेतं मानत नव्हते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं सोडलं होतं. कुणीतरी खोडी काढली असेल म्हणत ते घरी आले. दुपारी गरम वाऱ्याची लू सुटली. कडी लावून पडले. बायको ललिता झोपली होती.

थप्...

ओल्या हाताची थाप. दाराच्या वरच्या अंगाला.

थप्...

आता कमरेएवढ्या उंचीवर.

"धर्मा... दार उघड. पानी वाढून राहिलं."

मायचाच आवाज.

दाराखालून गढूळ पाणी आत आलं. मास्तरांनी कडीला हात घातला... आणि थिजले. बाहेर माय नसली तर? आणि असली तर?

थप्... गुडघ्याएवढ्या उंचीवर.

त्यांनी कडी काढली नाही. उलट दाबून धरली. सांगताना मास्तरांनाच शरम वाटायची, पण तसंच झालं.

थप्... अगदी उंबऱ्याजवळ.

मग काहीच नाही.

संध्याकाळी दार उघडलं. बाहेर कोरडा फुफाटा. दारावर चिखलाचे चार पंजे, एकाखाली एक.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी फावडं घेतलं आणि उरलेले चारही पुतळे फोडले. पाटील दारात आले. आज हसले नाहीत.

हळूच म्हणाले, "चार खेपा वाजलं ना? त्या पुराच्या दिशी माह्याकडं बी चारच."

सात वर्षं मास्तरांना हेच ऐकायचं होतं. ऐकलं, तर मान वर होईना.

मला आजही कळत नाही... माय त्या दुपारी आसरा मागायला आली होती, की लेक दार उघडतो का ते बघायला?