प्रयोगशाळेची खाज

"कूलर मागच्या खिडकीले लावायचा," नगमा म्हणाली, "अन् त्यात पाणी नाही टाकायचं."

शालू लगेच तयार झाली. ललित मात्र मागे सरला. सापडलो तर खुशालराव सर सोलून काढतील, म्हणाला. नगमाचं उत्तर तयार होतं, तिला तर आधीच सोललंय.

परीक्षेआधी तिने भर वर्गात विचारलं होतं, प्रयोगशाळा आम्ही पाहायची कधी? सरांनी तिला त्याच कुलूपबंद दारासमोर उन्हात उभं केलं. अमरावतीच्या विज्ञान शिबिरातून तिचं नाव कापलं. वर म्हणाले, "गादीवाल्याची पोरगी तू. गाद्या भरायले मायक्रोस्कोप लागते काय?" वर्ग हसला. ते हसू नगमाने दाढेखाली धरून ठेवलं होतं.

मग सुट्ट्या लागल्या. एका दुपारी ललित त्या दाराला टेकून बसला आणि घटकाभरात अंग ओरबाडू लागला. लाल पुरळच पुरळ! वऱ्हाडातल्या पोरांना ही खाज ओळखीची. भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवला, की मे महिन्यात सारं घर खाजवत बसतं. तिघांनी मागच्या फुटक्या खिडकीतून डोकावलं. आत आढ्यापर्यंत कापूस! आणि किल्ली तर सरांच्या खिशातून कधी हललीच नव्हती.

आज शिक्षण खात्याच्या प्रियदर्शनी मॅडम 'उन्हाळी विज्ञानवर्ग' तपासायला येणार होत्या. असा वर्ग कधी भरलाच नव्हता. सरांनी गावातली पोरं गोळा करून बसवली, किल्ली हरवल्याचं सांगायचं ठरवलं आणि खुर्च्या-कूलर लावायचं काम नेहमीप्रमाणे पोरांवरच टाकलं. तिथेच फसले.

मॅडमची खुर्ची लांब, निंबाखाली. सरांची प्रयोगशाळेच्या दाराला चिकटून. कूलर कोरडाच घरघरला, धूळ ओली होऊन बसू नये म्हणून. मागून शिरलेली हवा कापसावरून फिरून दाराखालच्या फटीतून थेट सरांच्या पायांवर. त्या शाळेतला तो पहिला प्रयोग.

"आमच्याकडे कृतीतून शिक्षण," सर म्हणाले आणि पोटरी खाजवली. "मुलं स्वतः मायक्रोस्कोप..." मान. मग दोन्ही हात सदऱ्यात.

नगमा उठली. "सर, तुमी खाजवून काहून राहिले?"

"खाली बस!"

"या दारापाशी उभं राहायची सवय तुमीच लावली मले."

मॅडम अकोल्याकडच्या, कापूसवाल्या घरातल्या. सरांच्या हातावरचं पुरळ त्यांनी पाहिलं, मग दार पाहिलं. "किल्ली हरवली म्हणालात ना? मग कुलूप तोडा."

किल्ली सरांच्याच खिशातून निघाली. दार उघडताच कापूस व्हरांड्यात कोसळला. त्याच्या तळाशी मायक्रोस्कोप, खोकंसुद्धा न उघडलेलं.

शाळा कशी हवी, मॅडमनी पोरांना विचारलं. शालू म्हणाली, पाठांतर घरीही होतं, इथे वस्तूंना हात लावू द्या. ललित म्हणाला, प्रश्न विचारला म्हणून उन्हात उभं करणारी नको.

नगमा पुढे झाली. तिने काचेवर कापसाची धूळ घेतली. मॅडमच्या मदतीने भिंग जुळवलं. "पहिले सर पाहतील."

एव्हाना जमलेलं सारं गाव बघत होतं. सरांना वाकावं लागलं. काचेखाली खाज आणणारे कापसातले बारीक किडे वळवळत होते.

"दिसलं काय, सर? गादीवाल्याच्या पोरीनं दाखवलं."

मॅडमनी तिथेच सरांची चौकशी लावली, शिबिरात नगमाचं नाव परत घातलं आणि तिची पाठ थोपटली. गर्दीतले म्हातारे महादेवरावही म्हणाले, शाबास पोरी.

नगमाने तळहात पुढे केला.

"शाबासकी राहू द्या, मॅडम. किल्ली द्या."

किल्ली तिच्या हातात पडली. सर अजून खाजवत होते.