गरम हवेचा दांडा

सजवून लिहायला मला येत नाही. घडलं तेवढंच लिहितोय. पटत नसेल त्यानं माझ्या जावयाला विचारावं. तो माझ्यासारखा भित्रा नाही.

पावसाळा सरतानाची दमट दुपार होती. डोंगरापलीकडच्या दवाखान्यातून निरोप आला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या... आणि बाळ आडवं होतं.

जावई छोटं विमान चालवतो. म्हणाला, "मामा, रस्त्यानं रात्र होईल. चला, उडू."

मी मागे बसलो. त्याच्या शेजारची सीट रिकामी.

"जावईबापू, हे तर पिठाच्या गिरणीपेक्षा जास्त खडखडतंय!"

"खडखडतंय तोवर चिंता नाही. गप्प झालं की देवाचं नाव घ्या."

डोंगर आला. ढग खाली उतरले होते.

आणि... इंजिनाचा आवाज उतरला.

हळूहळू. कुणी गळा आवळत आणावा तसा.

"बर्फ धरला," तो पुटपुटला.

"एवढ्या उकाड्यात?"

"इंजिनात, मामा. कार्बोरेटरमध्ये. दमट हवा आत गार पडते, वाट बुजते."

त्यानं गरम हवेचा दांडा ओढला. त्या हवेनं बर्फ वितळतो.

इंजिन आणखीच खोकायला लागलं.

आधी तसंच होतं. वितळलेलं पाणी आत जातं. धीर धरायचा, दांडा सोडायचा नाही. हे तो स्वतः इतरांना शिकवतो. पण त्या दिवशी बायको डोळ्यांपुढे असावी. त्याचा धीर सुटला. दांडा परत आत ढकलायला गेला.

दांडा हलेना.

"मामा, माझा हात सोडा!" तो ओरडला. "सोडा म्हणतो ना!"

माझे दोन्ही हात तर सीटच्या पट्ट्यावर आवळलेले होते.

खाली झाडं मोठी होत चालली...

इंजिन ठसकलं. गप्प झालं.

वाऱ्याच्या सुसाट्यात तेव्हा दुसरा एक आवाज ऐकू आला.

रिकाम्या सीटवर... कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं.

मग इंजिन एकदम घुमलं. विमान वर उचललं गेलं.

उतरल्यावर तोच दांडा एका बोटानं आतबाहेर झाला. जावयाच्या उजव्या मनगटावर बोटांचे पांढरे वळ होते. मी हात लावला...

बर्फ.

लेक सुखरूप. नात आता चालू लागलीय.

तिला तो डाव्या हातानंच उचलतो. उजवा लागला की ती दचकून रडते. डॉक्टर म्हणतात, हाताला काही झालेलं नाही.

परवा मी म्हणालो, "ज्यानं वाचवलं, त्याला हात जोडावेत."

तो मनगट चोळत होता.

"जोडले असते, मामा. पण त्यानं अजून सोडलेलं नाही."