माळढोक फांदीवर बसत नाही

आवेज जिना चुकला म्हणून मला भेटला. त्याला जायचं होतं पलीकडच्या गल्लीत, टी-शर्टवर छापून देणाऱ्याकडे, आणि चढून आला आमच्या माडीवर. अवकाळी पाऊस नुकताच झोडपून गेला होता, वीज गेलेली होती, आणि हा दारात उभा राहून खुशाल टोपी पिळत होता... माझ्या कोरड्या पुठ्ठ्यांवर!

"अहो, पुठ्ठे भिजतायत!"

"आई गं... माफ करा की," म्हणत त्याने खिशातला रुमाल काढला आणि घाईघाईने पुसायला लागला. रुमाल टोपीपेक्षा ओला. मला इतका राग आला होता की हसू कसं फुटलं तेच कळलं नाही.

आमचं काम चादरींच्या नक्षीचं. आधी ग्राफच्या कागदावर चित्र काढायचं, एकेक चौकोन रंगवायचा, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. पुठ्ठे मागावर चढले की तीच नक्षी कापडात उतरते. विजापूर वेशीजवळचं हे दुकान माझ्या अब्बांचं, पीरसाब डिझाईनवाल्यांचं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्यापासून चौकोन मीच भरते. मी कौसर. मोर काढण्यात माझा हात धरणारं अख्ख्या सोलापुरात कुणी नाही, असं अब्बा म्हणतात. मीही नाकारत नाही.

आवेज 'माळसोबती' नावाच्या एका छोट्या संस्थेत होता. लोकांच्या देणग्यांवर ही संस्था नान्नजच्या माळढोक अभयारण्याला हातभार लावायची. गावातली माणसं राखणीला ठेवायची, उघड्या विहिरींना कठडे बांधायची, उन्हाळ्यात पाणवठे भरायची. आता देणग्या आटल्या होत्या, म्हणून टी-शर्ट विकायचे ठरले होते.

"सोलापुरात राहून टी-शर्ट?" मी म्हटलं. "चादर विका ना!"

त्याला ते एकदम पटलं. मग मोबाईलमधला एक फोटो पुढे केला. गवतात उभा राहिलेला उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. पाय गवतात बुडालेले.

"आता सहसा दिसत न्हाय. तुमाला जमंल?"

"मोर जमतो, तर हा का नाही जमणार?"

"मग चित्र कवा दाखवताय?"

"चादर मागावरून उतरली की."

"अर्धं झाल्यावर तरी?"

"अर्धं काम आम्ही फक्त घरच्यांना दाखवतो. परक्याची नजर लागली की मागावर धागे तुटतात."

"मग घरचं व्हायला काय करावं लागतंय?"

हे त्याने इतक्या सरळ चेहऱ्याने विचारलं की माझे कान तापले. "आधी पुठ्ठे वाळवावे लागतात," मी म्हटलं.

आणि त्याने वाळवले! एकेक पुठ्ठा वर्तमानपत्राने टिपून, तासभर.

पुढच्या तीन आठवड्यांत तो सहा वेळा आला. कधी पावती विसरली म्हणून, कधी पेन. एकदा कुसळी गवताची एक काडी घेऊन आला, "माळाचा रंग बगायला." आवेज मंद्रूपचा. घरी दखनी बोलायचा, पण लहानपण धनगरांमागे गेलेलं, त्यामुळे मराठी माळावरची. बोलता बोलता मध्येच थांबायचा, माझ्या बोटांकडे बघायचा... मी ग्राफवर झटकन ओढणी टाकायची.

"तेवढं तरी बगू द्या की."

"नाही."

खरं सांगू? नजरेचं निमित्त होतं. त्याला ताटकळत ठेवायला मला आवडायला लागलं होतं.

पहिल्या आठवड्यातच एकदा आला, तेव्हा मात्र चेष्टा केली नाही. महिनाअखेरच्या रविवारी विक्री होती. ती जमली नाही तर एक तारखेपासून राखणीला माणसं ठेवता येणार नाहीत, असं संस्थेच्या सिद्धम्मा टीचरनी सांगितलं होतं. त्याचंही काम तिथेच संपणार. हुबळीच्या मामांचा ट्रान्स्पोर्टचा धंदा होता, त्यांना त्या रविवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"गेलात तर... कधी याल?"

"बकरीदला. आलो तर."

त्या दिवसापासून मी रात्रंदिवस चौकोन भरले. चादर अशी झाली पाहिजे की लोकांनी हातोहात उचलली पाहिजे.

विक्रीच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, आमच्या नक्षी विणणाऱ्या मल्लेशकाकांच्या मागांवरून दीडशे चादरी उतरल्या आणि गठ्ठे बांधून थेट पार्क चौकातल्या विक्रीच्या हॉलवर गेल्या. आवेजने त्या रविवारी, सगळ्यांसमोर बघायच्या असं मीच ठरवलं होतं. संध्याकाळी तो आमच्या माडीवर चहाला बसला. खुशीत होता.

"लहानपनी एकदाच बगितला मी माळढोक. धनगराला इचारलं, हा झाडावर का बसत न्हाय? त्यो म्हनला, त्याला मागचं बोटच न्हाय. तीन बोटं, तिनी म्होरं. फांदी धरताच येत न्हाय त्याला. भुई हाय तवर त्यो हाय."

माझा पेला हातातच राहिला.

पाखरू अधांतरी ठेवू नये, पायाखाली फांदी द्यावी. अब्बांनी मला शिकवलेला पहिला नियम. आणि मी दिली होती! फोटोत पाय दिसत नव्हते, म्हणून मोराचे पाय दिले होते. चार बोटांनी फांदी घट्ट धरलेली. वर पानंसुद्धा काढली होती, हौसेने.

"काय झालं ओ?"

"चहा... गरम आहे."

चहा केव्हाच गार झाला होता.

शनिवार कसा गेला ते माझं मला माहीत. नमुना म्हणून घरी ठेवलेली एक चादर घेऊन सुईने फांदीचा धागा उसवून बघितला. फांदी जाईना, चादरच विरायला लागली. मग वाटलं, कुणाला कळतंय? पण टीचरची हयात पक्षी बघण्यात गेलेली. पुण्याहून पक्षीवाले येणार होते. ते हसणार. ज्यांना माळढोक कळत नाही ते तो काय राखणार, म्हणणार. चादरी पडून राहणार आणि आवेज हुबळीला जाणार... माझ्यामुळे! एकदा, फक्त एकदा ती ओढणी बाजूला केली असती तर त्याने तिथल्या तिथे सांगितलं असतं.

"क्या गे, खाना नै खाई?" अब्बांनी विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी चादरीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "कापडात खोट असली तर ती गिऱ्हाईकानं शोधायची नसते, बेटी. दुकानदारानं आधी दाखवायची."

रात्री झोप लागेना, तेव्हा मी नवा ग्राफ काढून बसले.

रविवारी नऊच्या आत हॉलवर पोचले. आवेज पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडत होता. थांबा म्हणेपर्यंत त्याने चादर उलगडलीसुद्धा. बघितली. एकदा माझ्याकडे, पुन्हा चादरीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझताना मी बघितलं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मला शुक्रवारीच कळलं होतं," मी म्हटलं. "सांगायचा धीर नाही झाला."

त्याने चादर घडी घालून ठेवली, तीही किती जपून! त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

सिद्धम्मा टीचरनी चष्मा वर करून फांदी बघितली आणि कपाळावर हात मारला. "आता काय करायचं?"

"विकायला मी उभी राहते," मी म्हटलं. "चूक माझी आहे, मीच सांगते."

पहिले गिऱ्हाईक पुण्याचे काका. चादर बघून हसलेच. मी फांदीवर बोट ठेवलं. "काका, यात चूक आहे. मी जन्मभर मोर काढले, माळढोक कधी बघितलाच नाही. याला मागचं बोट नसतं. मोराचं रान गेलं तर मोर गावातल्या झाडावर येऊन बसेल. याला तेवढाही आसरा नाही. माळ गेला की हा गेला. एवढं लक्षात राहावं म्हणून घ्या."

काकांनी दोन घेतल्या. एक बाई मात्र "बाद माल" म्हणून निघून गेल्या. एकाने चादर नको म्हणत नुसतीच देणगी दिली. मी बोलत राहिले, घसा बसेपर्यंत. आवेज गठ्ठे सोडून चादरी पुढे करत होता, माझ्याकडे न बघता. दुपारी एकदा पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला, तेवढंच.

पाचला दहा-बारा चादरी उरल्या. टीचर म्हणाल्या, "एवढ्यात राखणदारांचा आणि आवेजचा उन्हाळा निघेल. पुढचं पुढं बघू."

मी श्वास सोडला. तेवढ्यात आवेजचा फोन वाजला. मामा! तो बाहेर गेला. खिडकीतून नुसती पाठ दिसत होती. एकदा त्याने मान हलवली... होय म्हणून की नाही म्हणून?

तो आत आला तेव्हा उत्तर ऐकायचा मला धीर होईना. पिशवीतली गुंडाळी काढून मी त्याच्या हातात दिली. "आधी हे बघा."

त्याने ग्राफ उलगडला. कुसळी गवत, मोकळा माळ, मधोमध माळढोक. फांदी नाही. पायांच्या जागी कोरे चौकोन.

"हे तर अर्धंच हाय की..."

"हो."

"अर्धं काम तर तुमी फक्त..." आणि तो थांबला. त्याचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच बघितले.

"पाय तू सांग," मी म्हटलं. 'तू' कधी निघून गेलं कळलंच नाही. "मला मोराचेच येतात."

तो रिकाम्या टेबलाशी बसला. पेन्सिल घेऊन हलक्या हाताने खुणा केल्या. तीन बोटं, तिन्ही पुढे. मागचा चौकोन कोराच ठेवला.

"मामांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हनलं, घरच्यांना इचारून सांगतो." त्याने वर बघितलं. "तर इचारतोय... जाऊ का हुबळीला?"

"नको," मी म्हटलं.