बारा वाजायला वीस मिनिटं

गाडी बंद पडली तेव्हा बारा वाजायला वीस मिनिटं होती, म्हणून मी आधी डबा उघडला.

म्हसळा मागे टाकून आम्ही श्रीवर्धनच्या बाजूला निघालो होतो. खाडी दिसायला लागते त्या चढावर रितेशच्या जुन्या ओम्नीची क्लच वायर तुटली. रितेश गाडीखाली शिरला. त्याची बायको प्रणाली, म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण, मोबाइल उंच धरून नेटवर्क शोधत होती. गाडीत दोन तंबू, तीन दुर्बिणी, पक्ष्यांच्या नोंदीची वही... आणि मी पांढरा सलवार-कमीज सावरत रस्त्याकडेच्या दगडावर बसून भाकरी मोडत होते.

तेवढ्यात एक मोटरसायकल थांबली. मागे बर्फाचा खोका बांधलेला. उतरलेल्या माणसाने आधी गाडी पाहिली, मग गाडीखालून आलेले रितेशचे पाय पाहिले आणि मग मला.

"गाडी मेली आणि तुम्ही जेवताय?"

"बारा वाजायला वीस मिनिटं आहेत."

"बारानंतर काय होतं?"

"मी जेवत नाही."

"कोणी बंदी घातली?"

"मीच."

लोक इथे हसतात. तो हसला नाही. डब्याकडे बघत म्हणाला, "वांगं?"

"वांगं." मी अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरली. त्याने हात शर्टाला पुसले, भाकरी घेतली, उभ्या उभ्या खाल्ली आणि मग रितेशच्या शेजारी गाडीखाली गेला.

हाच हरेश्वर. प्रणालीने फोनवरून ज्याची होडी ठरवली होती, तोच.

"वायर म्हसळ्यालाच मिळेल," तो बाहेर येत म्हणाला. "पण दुकानवाला लग्नाला गेलाय. उद्या सकाळी आणतो. आता ढकला. चढ संपला की आमच्या वाडीपर्यंत उतारच हाय."

रितेश स्टीअरिंगवर बसला, आम्ही तिघं मागे. मागच्या दारावर हरेश्वरचे हात आणि माझे हात, मध्ये वीतभर अंतर. त्याच्या हाताला वंगणाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता. गाडी हलली, तशी ती वीत थोडी कमी झाली... मी हात काढला नाही. त्यानेही नाही.

पण माझ्या डोक्यात उद्याचे चार वाजत होते.

रविवारी दुपारी चारला उरणहून पाहुणे मला पाहायला माणगावला, आमच्या घरी येणार होते. मुलगा बंदरावर नोकरीला, फोटोत छान हसणारा. त्याच्या आईने फोनवर बाबांना विचारलं होतं, "पौर्णिमेचं ते उपोसथ-बिपोसथ लग्नानंतर राहणार नाही ना? आमच्याकडे सगळे रात्री एकत्र जेवतात." बाबा म्हणाले होते, "बघू."

मी रोज पहाटे त्रिसरण-पंचशील म्हणते. पौर्णिमेला उपोसथ करते, म्हणजे अष्टशील घेते. त्या दिवशी दुपारी बारानंतर अन्न नाही, उंच आसन नाही, नटणं-मुरडणं नाही. खोटं न बोलणं तर रोजचंच. बारा वर्षांची असताना हे मला बाबांनीच दिलं. ते तेव्हा हेडमास्तर होते. म्हणून त्यांचं ते "बघू" मला टोचलं. मी म्हटलं होतं, "बाबा, मला नाही बसायचं त्या कार्यक्रमाला." पण माझा आवाज हळू आहे. हळू आवाजातलं 'नाही' लोकांना 'हो' सारखंच ऐकू येतं. बाबांनी मान हलवली आणि पोह्यांचं सामान आणायला गेले.

हरेश्वरचं घर खाडीच्या काठालाच. अंगणात जाळी वाळत होती. तीन वाजता त्याच्या आईने, गोदूकाकूंनी, आमची पानं वाढली. एक मॅडम मासे खाणार नाहीत असं त्याने माझ्या डब्यावरून आपणच ठरवून घरी कळवलं होतं. त्यामुळे ज्या घरात मासळीशिवाय चूल पेटत नाही, तिथे काकू दोन तास वाल सोलत बसल्या होत्या. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. वास असा की पोटात कळ यावी.

"काकू, मी नाही जेवणार."

"थोडा खा."

"नको. खरंच."

प्रणालीने मला कोपराने डिवचलं. "अगं मैत्री, एक घास खा ना. एका घासाने काय बिघडतं?"

"बिघडतं," मी म्हटलं.

काकूंचा हात ताटावरच थांबला. "कोळ्याच्या घरचा चालत न्हाय, व्हय? सांग की सरळ. भांडी मी येगळी घासून घेतली. मासळीचा हात पन लावला न्हाय."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा जे आलं ते हसू होतं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. माझी आजी, भिमाबाई, याच मुलुखात दुसऱ्याच्या शेतात भात लावायची. तहान लागली की ओंजळ पुढे करायची आणि लोक वरून पाणी ओतायचे, भांडं तिला लागू नये म्हणून. आणि आज तिच्या नातीला आपलं घर चालत नाही असं वाटून कोणी भांडी वेगळी घासून ठेवली होती.

"काकू, आम्ही बौद्ध आहोत," मी म्हटलं. "आज पौर्णिमा आहे. आज बारानंतर मी कोणाच्याच घरी जेवत नाही. माझ्यासुद्धा."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. या क्षणाची मला लहानपणापासून सवय आहे. आपण कोण ते सांगायचं, आणि समोरचा चेहरा कुठे वळतो ते बघत थांबायचं. मी मान खाली घातली नाही.

दारात हरेश्वर उभा होता. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "आये, मी दुपारी यांच्याच डब्यातली भाकरी खाल्ली."

"तुला कोन इचारतो? तू काय पन खातस." काकूंनी ताट उचललं. झाकायला दुसरं ताट शोधलं, ते नीट बसत नव्हतं म्हणून तिसरं आणलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सकाळी खाशील?"

"उजाडलं की खाईन."

"शिळा व्हईल गो."

"शिळंच द्या."

ओहोटी लागली तशी आम्ही होडीत बसलो. हरेश्वरने माझ्यासाठी पुढच्या फळीवर गादी टाकून ठेवली होती. मी खाली, जाळ्यांवर बसले.

"हे पण बारानंतर चालत नाही?"

"उंच आसन आज नाही."

"आणि पांढरे कपडे?"

"धुता येतात."

त्याने इंजिन चालू केलं, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी राहिलं होतं. पाणी उतरत होतं आणि दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडत होता. लाल काड्यांच्या पायांचे शेकाटे, पळपळ करणारे तुतवार, लांब वाकड्या चोचीचे कोरल... प्रणाली मोजत होती, मी वहीत लिहीत होते.

"समुद्रगरुड लिहा," हरेश्वर म्हणाला. "त्या मोठ्या सुरूवर घरटं हाय. जोडी हाय. दोन लिहा."

"आज दिसले?"

"आज न्हाय. पण रोज दिसतात."

"मग नाही लिहीत."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. पण तुमच्या डोळ्यांनी माझी वही नाही भरायची."

त्याने इंजिन बंद केलं. होडी आपोआप सरकत राहिली. "मग उद्या सातला या," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तुमच्याच डोळ्यांना दाखवतो." त्याचे कान लाल झाले होते. उन्हाने म्हणावं, तर ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

संध्याकाळी सुरूच्या बनात तंबू लागले. चंद्र नुकताच डोंगरावरून वर आला होता. हरेश्वर तांब्या घेऊन आला. "कोमट पाणी. पाणी चालतं ना?" असं विचारून तो चार हातांवर वाळूत बसला. प्रणाली आणि रितेश भाताचं पातेलं ढवळत भांडत होते. का कोण जाणे, मी त्याला चार वाजताचं सगळं सांगून टाकलं.

"आणि तुम्हाला?"

"नको आहे."

"सांगितलं?"

"सांगितलं. हळू."

"मग जोरात सांगा."

"मला जोरात येत नाही."

तो थोडा वेळ वाळूवर रेघा ओढत बसला. "मग हळूच सांगा. पण सांगून झाल्यावर दुसरं काही बोलू नका. इंजिन बंद केलं की खाडीत हळू बोललेलं पण पलीकडच्या काठाला ऐकू जातं."

मी पाणी प्यायले. इतकं गोड पाणी मी कधी प्यायले नव्हते... आणि त्यात गूळ नव्हता.

सकाळी उजाडल्यावर गोदूकाकूंनी ताट समोर ठेवलं. बिरडं रात्रभर मुरलं होतं. काकू समोर बसून मी शेवटचा वाल उचलेपर्यंत बघत राहिल्या. "शिळा बरा लागतो, न्हाय?" एवढंच बोलल्या.

होडीत गादी पुन्हा टाकलेली होती. "आज चालेल?"

"आज चालेल."

सुरूच्या शेंड्यावरून गरुड निघाला. पांढरं पोट, राखाडी पंख, घाई अजिबात नाही. आमच्या डोक्यावरून गेला तेव्हा पाण्यावर सावली पडली. मी लिहिलं, समुद्रगरुड, एक.

"जोडी हाय म्हटलं ना."

"दुसरा दिसला नाही."

"दिसेल," हरेश्वर म्हणाला. या वेळी त्याने पाण्याकडे पाहिलं नाही.

मग तो म्हसळ्याला गेला आणि दहा वाजता वायर घेऊन परत आला. अर्ध्या तासात गाडी चालू झाली. रितेश उगाचच इंजिन गुरगुरवत होता. प्रणालीने मला बाजूला घेतलं, पण तिचं बाजूला घेणं सगळ्या वाडीला ऐकू जातं.

"ऐक. बाबांना सांग, वायर मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत येतो म्हणावं. पाहुणे परत जातील. कालपर्यंत खरंच होतं ना ते? अर्धंच खोटं आहे."

गाडीजवळ हात पुसत उभा असलेला हरेश्वर गंभीरपणे म्हणाला, "पाहिजे तर वायर परत काढतो. मग खोटं होणार नाही."

मला हसू फुटलं. असं हसू, की डोळ्यांत पाणी आलं. "नको. लावलेली राहू दे."

मी फोन लावला.

"बाबा, गाडी दुरुस्त झाली. एकपर्यंत मी घरी येऊ शकते. पण चार वाजता मी बसणार नाही."

"दमली असशील. थोडी झोप काढ, मग..."

"दमले नाही. मी बसणार नाही, बाबा."

आणि मी गप्प राहिले. रितेशने इंजिन बंद केलं होतं. बाबांचा श्वास ऐकू येत होता.

"कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

'नाही' म्हणणं किती सोपं होतं. एक दिवस म्हणजे काही असणं नव्हे, असंही म्हणता आलं असतं. मी गाडीकडे पाहिलं.

"आहे. काल भेटला. मला आवडतो. किती, ते अजून मोजलेलं नाही. कोळी आहेत ते. आणि त्याला मी सांगितलेलं नव्हतं, पण तो समोरच उभा आहे, त्यामुळे आता त्यालाही कळलं."

हरेश्वरच्या हातातलं फडकं खाली पडलं.

बाबा म्हणाले, "खोटं बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं."

"तुम्हीच शिकवलंत."

"हं. आलेल्या माणसांना मी काय सांगू?"

"मी सांगेन. माझ्या तोंडाने."

"मग चारच्या आत ये," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

हरेश्वरने फडकं उचललं, झटकलं, परत पाडलं. "मला कोणी विचारणार हाय का?"

"विचारते. तुमचं काय?"

"वांगं खाल्लं तेव्हाच..." तो अडला. "मी येऊ का आज? बरोबर?"

"आज नको. आजचं माझं मीच करायचं आहे."

"मग कधी?"

"पुढच्या पौर्णिमेला. जेवायला. बाराच्या आत या, नंतर मी जेवत नाही."

गोदूकाकू लगबगीने आल्या आणि माझा डबा खिडकीतून आत दिला. कालचा रिकामा डबा आता जड होता. "बाराच्या आत खा गो," त्यांनी बजावलं. आज पौर्णिमा नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. माणगावच्या अलीकडे, पावणेबाराला, गाडी थांबवून खाल्लं.

चार वाजता मी पाहुण्यांना पाणी दिलं, समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हटलं, "तुम्हाला इतक्या लांब यायला लागलं, माफ करा. माझी तयारी नाही. आणि उपोसथ मी सोडणार नाही, कोणाच्याही घरात." आवाज रोजच्याइतकाच हळू होता. पण पुढे मी एक शब्द बोलले नाही, आणि ते 'नाही' कोणाला 'हो' सारखं ऐकू आलं नाही. बाबांनी पोह्याची बशी खाली ठेवली. ते माझ्या बाजूने बोलले नाहीत. विरुद्धही बोलले नाहीत.

पुढचा महिनाभर त्यांनी हरेश्वरचं नाव काढलं नाही. फक्त एकदा पेपर वाचता वाचता विचारलं, "होडी स्वतःची आहे?" मी म्हटलं, "हो." त्यांनी पान उलटलं.

माघ पौर्णिमेला मी पांढरे कपडे घातले, वंदना म्हटली, भाकऱ्या केल्या. वांगं केलं. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बाबा ओट्यावर बसून रस्त्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

मग कोपऱ्यावर मोटरसायकल वाजली. मागे बर्फाचा खोका नव्हता. हरेश्वर फाटकाशी उभा राहिला, घामाघूम, नवीन शर्टाला वंगणाचा डाग. "चेन तुटली होती," तो बाबांना म्हणाला. "खरंच तुटली होती."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत वळून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"वीस मिनिटं आहेत," ते म्हणाले. "हात धुऊन घ्या."