हातोडा थांबला तेव्हा

लाइफ जॅकेटचा पट्टा काही केल्या बसेना. बोट सुटायला आलेली, वारा केस आवरू देईना, आणि ती धक्क्यावर एकटीच त्या पट्ट्याशी झोंबत होती.

"उलटं घातलंय तुम्ही."

तिने वळून पाहिलं. ग्रीसने माखलेले हात मागे धरून एक उंच तरुण हसू दाबत उभा होता.

"माहितीये मला," ती म्हणाली. माहीत नव्हतं.

"नवीन वाटतं? काय काम तुमचं?"

"समुद्रात पुलाचे खांब ठोकतात ना? ते काम बंद पाडायचं."

"मीच ठोकतो ते!"

"अरे वा... मग रोजच गाठ आहे."

आणि खरंच होती. ती देवमासे आणि डॉल्फिन यांचा अभ्यास करायची. हातोड्याचा दणका पाण्याखाली कुठल्या कुठे जातो. हे जीव बिचकतात, वाट चुकतात, पिल्लं आईपासून तुटतात. म्हणून तिने बार्जच्या, म्हणजे क्रेन उभी असलेल्या सपाट बोटीच्या, कठड्याशी दुर्बीण लावून बसायचं, कुणी जवळ आलं की वॉकीटॉकीवर सांगायचं, आणि वर क्रेनच्या केबिनमधल्या त्याने हातोडा थांबवायचा.

"हातोडा, थांबा."

"आज कोण पाहुणे?"

"सात डॉल्फिन. एक पिल्लू आहे, आईला अगदी चिकटून."

"अहो, केवढी उडी मारली! पाहिलीत?"

"पाहिली. जरा हळू ओरडा, कानठळ्या बसल्या माझ्या."

दिवसभर कानाशी तोच आवाज. घरून आई फोनवर विचारायची, "मासे मोजायला एवढं शिकलीस का गं?"

"आई, ते मासे नव्हेत," असं म्हणता म्हणता ती मध्येच हसली.

"मासे नव्हेत, कळलं. मग... कोण आहे?"

तिने घाईघाईने फोन ठेवला.

शेवटच्या खांबाच्या दिवशी सकाळीच धुकं उतरलं. दुर्बिणीतून काही म्हणजे काही दिसेना. तिने पाण्यात सोडलेल्या माइकचे हेडफोन कानाला लावले, आणि अंगावर सर्रकन काटा आला. खोल, लांबलचक हुंकार...

"थांबा! देवमासा आहे. जवळच!"

"दिसला का?" इंजिनिअरसाहेब वॉकीटॉकीवर खेकसले. "दिसला तर थांबायचं, असं ठरलंय. आज काम संपवायचंय. ठोका रे!"

मग केबिनमधून त्याचा आवाज, "तुला ऐकू आलं ना?"

'तुम्ही'चं 'तू' झालं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"आलं."

"मग झालं तर."

हातोडा अधांतरी थांबला. साहेबांचा पारा चढला. कामावरून काढून टाकायची भाषा झाली. दहा मिनिटं गेली. वीस. समुद्र चिडीचूप. कानांनी दगा दिला असेल तर? याची नोकरी जायची...

फूऽऽस!

बार्जच्या अगदी बाजूला पाण्याचा फवारा उडाला. धुक्यातून एक काळीशार पाठ वर आली. सरकत राहिली, सरकत राहिली, संपेचना. आणि त्या पाठीला खेटून एक छोटासा फवारा!

"पिल्लू! पिल्लू आहे सोबत!" ती वेड्यासारखी नाचायला लागली. बार्जवर एकच गलका झाला. साहेब स्वतःच मोबाइल काढून कठड्याकडे धावले.

तो दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आला. धापा टाकत तिच्याजवळ थांबला.

"काही दिसेना तेव्हा घाबरली होतीस?"

"तुझ्यासाठी. आणि तू?"

"छे! तू कधी उगाच थांबवलं नाहीस मला..." तो ओल्या कठड्याकडे बघत राहिला. "उगाच थांबवावंस — असं मात्र रोज वाटायचं."

तिचे कान तापले. तिने हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाला लावली. दोघांची डोकी जवळ आली. तो हुंकार आता दूर दूर चालला होता.

"मलाही," ती इतकं हळू म्हणाली की, हेडफोन नसलेल्या कानाने ते त्याला ऐकू आलं हेच नवल.

"गेले का देवमासे?" साहेबांचा आवाज खरखरला. "सुरू करायचं?"

तिने वॉकीटॉकी उचलला. "नाही साहेब. शेवटचं दिसल्यावर अर्धा तास थांबावंच लागतं. नियम आहे."

मग वॉकीटॉकी खाली ठेवून तिने त्याचा हात हातात घेतला.