भरलेल्या टाकीचा दिवा

यंत्रं खोटं बोलतात, यावर माझं पोट चालतं. पाटणचेरूच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतो. दाब, तापमान, पातळी दाखवणारा एखादा काटा थापा मारायला लागला, की त्याला वठणीवर आणणं हे माझं काम. म्हणूनच आमच्या नव्या गाडीतल्या एवढ्याशा पिवळ्या दिव्यानं मला कसं नाचवलं, हे सांगताना आजही माझा पारा चढतो.

साल १९९८, मे महिना. तोवर गाडी घ्यायची म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि जी पदरात पडेल तिला देव मानायचं. आता शोरूमवाले हाताला धरून आत नेत होते, वर थंडगार सरबत पाजत होते. मी विरघळलो. निमित्त मात्र आईचं होतं.

आई, सुशीलाबाई, मूळची उदगीरकडची. लग्न करून अंबरपेठेत आली त्याला आता उभा जन्म लोटला. 'आज अमावस्या, उद्या पापड' असं करत करत तिनं उजवा डोळा घालवला होता. डाव्यात मोतीबिंदू पिकला होता. कोठी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "अम्मा, अब लेट किए तो ये आँख भी गई समझो." रिक्षात हाडं खिळखिळी होतात, हा आईचा शेवटचा बहाणा. गाडी दारात उभी राहिली आणि तोही संपला, असं मला वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी आई कडक इस्त्रीचं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली. बायको, मंगला, माझ्या शेजारी. मी किल्ली फिरवली आणि कारंज्याच्या चित्राचा तो दिवा लागला.

मंगलानं गाडीचं पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं. "समोरची काच धुवायचं पाणी संपलंय म्हणे."

"म्हंजे पाणी मागायली?" मागून आईचा आवाज आला.

"मागू दे. संध्याकाळी भरतो."

आई दार उघडून खाली उतरली. "पाणी मागणाऱ्याला तसंच ठिवून दारातनं निघायचं न्हाई, भगवंता. वैरी असला तरी न्हाई. आधी पाणी, मग वाट."

ही आमच्याकडची जुनी रीत. आई तिच्यात कधी सूट देत नाही. टपालवाला, भंगारवाला, वसुलीवाला, सगळे आमच्याकडे आधी पाणी पितात. मी बोनेट उघडलं. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. तरीही वरून तांब्याभर ओतलं, ते माझ्याच बुटात आलं. दिवा तसाच.

"विझला का, मंगल?" ओट्यावर बसून आईनं विचारलं. मी डोळ्यांनी खुणावलं, पण माझी बायको खोटं बोलत नाही. लग्नापासून हा त्रास आहे.

"नाही विझला, आई."

"मग मी न्हाई यायची."

तारीख हुकली. डॉक्टर फोनवर माझ्यावर उखडले आणि पुढच्या आठवड्यातली तारीख देऊन म्हणाले, ही शेवटची. मी आईवर ओरडलो. ती घाबरली होती, हे मला कळत होतं. मीही घाबरलो होतो. त्या रागाच्या भरात मी पान्हा घेतला.

टाकीत एक तरंगता खटका असतो. पाणी कमी झालं, की तो खाली बसतो, दोन तारा जुळतात आणि दिवा लागतो. यापेक्षा साधं यंत्र माझ्या कारखान्यात झाडूवाल्याकडेही नाही. खटका काढून पुसला. छान तरंगत होता. मग त्याची तारच काढून टाकली. आता दिवा विझायलाच हवा होता. नाही विझला. मी त्यावर काळी पट्टी चिकटवली. मंगलानं आईला तेही सांगितलं.

शेवटी चौकातल्या जब्बारभाईला बोलावलं. जब्बारभाई निजामाच्या गाड्या आपणच दुरुस्त केल्याचं सांगायचा, पण हिशोबानं तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. "हौ साब, पाँच मिनट का काम," म्हणत त्यानं स्टीअरिंगपुढचा काट्या-दिव्यांचा सगळा फळा उचकटला, दिव्याचा बल्ब काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

बल्ब गार होता. फळ्यावरचं कारंजं तसंच पिवळं दिसत होतं.

जब्बारभाईनं मागून बोट घालून बघितलं. मग बोट काढून शर्टाला पुसलं. "साब, ये मेरे लाइन का काम नै," तो म्हणाला आणि फळा अर्धवट बसवून निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही. जब्बारभाईनं चहा नाकारल्याचं अंबरपेठेत कुणी ऐकलेलं नव्हतं.

"उन्हाची तिरीप पडली असेल," मी मंगलाला म्हणालो. गाडी छपराखाली होती.

दुपारी आई भिंत चाचपडत आली. हातात पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला. तिनं मागचं दार उघडलं, पेला सीटवर ठेवला आणि दार लावून घेतलं.

"पाणी पुढं घालतात, आई. बोनेटखाली."

"पुढं घालून बघितलंस ना तू?"

चहाच्या वेळी दिवा विझलेला होता. पेला रिकामा होता.

मे महिना, बंद गाडी, भट्टीसारखी तापलेली. बाष्पीभवन. मी मंगलाला ते इतकं सविस्तर समजावलं, की ती मध्येच उठून भाजी चिरायला गेली. संध्याकाळी दिवा परत लागला. मग मी प्रयोग करायचं ठरवलं. प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरली, झाकण आवळलं, वरून चिकटपट्टीचे वेढे दिले, त्यावर माझी सही केली आणि बाटली मागच्या सीटवर ठेवून गाडीला कुलूप घातलं. किल्ली माझ्याच खिशात होती.

सकाळी बाटली रिकामी होती.

सही शाबूत होती. पट्टीचा एक पदरही सुटलेला नव्हता. मी सीटवरून हात फिरवला. कोरडी.

दिवा विझलेला होता.

बाटलीला कुठेतरी भोक असणार. ते शोधायला मी ती कारखान्यात नेली, पाण्यात बुडवली, हवा भरली. भोक सापडलं नाही. साहेबांनी विचारलं, काय चाललंय. मी म्हणालो, चाचणी.

शेवटच्या तारखेला आईनं स्वतःच पेला भरून घेतला. "आता चल," म्हणाली. माझी काही हरकत नव्हती. तिचा डोळा वाचत असेल, तर मी सीटवर अख्खा रांजण ठेवला असता.

काचीगुड्याजवळ रस्ता खोदलेला होता. गाडी असे काही हिसके खात होती, की मंगलाचं डोकं छताला लागलं. मी आरशात बघितलं. आई एका कडेला अंग चोरून बसली होती. तिनं पेला शेजारच्या रिकाम्या जागेकडे धरला होता.

कोठीला पोचलो. पेल्यात थेंब नव्हता. सीट कोरडी, लुगडं कोरडं.

"सांडलं असेल," मी म्हणालो. मंगलानं सीटवरून हात फिरवून कोरडा तळवा मला दाखवला.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टरांनी पट्टी काढून बोटं नाचवली आणि आईनं ती बिनचूक मोजली. मला बाहेर जाऊन नाक शिंकरावं लागलं. कितीतरी वर्षांनी तिनं माझा चेहरा नीट बघितला आणि म्हणाली, "किती म्हातारा झालास रे."

त्या दिवशी घरी आलो. मी इंजिन बंद करण्याआधीच दिवा लागला. आताशा माझं लगेच लक्ष जायचं. आई उतरली होती. मंगलानं घरातून पेला भरून आणला आणि सवयीनं मागचं दार उघडलं.

आईनं काळा चष्मा वर केला. वाकून सीटकडे बघितलं.

मग चष्मा पूर्ण काढून पुन्हा बघितलं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "मला आजवर धड दिसतच नव्हतं. अंधुक दिसायचं, मी समजायचे, कोणी मोठी बाई हाय." तिनं मंगलाच्या हातातला पेला बाजूला केला. "हे तर केवढंसं लेकरू हाय. पेला नको. वाटी-चमचा आण."

मंगला धावत आत गेली. मी दार धरून उभा राहिलो. मला सीट दिसत होती, आणि सीटच.

आई काठावर टेकली. चमचा पुढे नेला, तिरका केला, रिकामा मागे घेतला. पुन्हा भरला. सीटवर काहीच पडत नव्हतं.

मग ती थांबली. "सावकाश, माय, सावकाश," म्हणाली आणि सीटपासून वीतभर वर, जिथे काहीच नव्हतं तिथे, तिनं पदरानं हनुवटी पुसली.